नागकन्येचा आरसा आणि रात्रीची एसटी

प्रश्न : मी अंबडचा. एसटीत ३१ वर्षं कंडक्टर होतो, आता घरीच असतो. मत्स्योदरी देवीच्या नवरात्राच्या यात्रेत नातीला नागकन्येच्या तंबूत नेलं होतं. टेबलावर बाईचं मुंडकं, भोवती सापाचं वेटोळं, आणि टेबलाखाली मोकळं. युक्ती आरशाची आहे एवढं मला ठाऊक होतं, तेवढं सांगून मी शहाणपण मिरवून घेतलं. पण दिवाळीत तिच्या मामानं तिला मुंबईकडच्या एका पार्कात नेलं. तिथल्या भूतबंगल्यात खुर्चीवर बसलेला माणूस डोळ्यांदेखत विरत गेला, त्याच जागी सांगाडा आला, आणि थोड्या वेळानं पुन्हा माणूस. घरी आल्यावर ती म्हणते, ‘आजोबा, यात्रेतला आरसा एका जागी असतो. तिथला हलवत असतील ना? मग हलताना दिसला का नाही?’ मला काही सांगता येईना. तिचा आणखी एक प्रश्न आहे : तंबूतल्या बाईला कंटाळा येत नसेल का? जमलं तर त्याचंही उत्तर द्या.

उत्तर : पहिल्या प्रश्नाचं अर्धं उत्तर तुम्ही नोकरीत रोज रात्री पाहिलेलं आहे. मुक्कामाची गाडी जालना सोडून अंधारात शिरली, की तिकिटं फाडायला तुम्ही आतला दिवा लावत असाल. दिवा लागला की खिडकीतल्या बाभळी आणि शेतं गायब, आणि त्या जागी प्रवाशांची झोपाळू तोंडं. मग केबिनमधून ड्रायव्हरचा आवाज येतो, ‘लाईट बंद करा हो, समोरचं दिसंना!’ तुम्ही बटण दाबता. तोंडं विझतात आणि बाभळी परत येतात. मधे काचेला कोणी हातसुद्धा लावलेला नसतो.

साध्या काचेवर समोरून उजेड पडला, तर त्यातला शंभरातला आठेक भाग उलटा परत येतो, बाकीचा बहुतेक आरपार जातो. दिवसा तो आठ भागांचा उजेड बाहेरच्या उन्हापुढे लाजून बसतो. रात्री बाहेर काहीच नसल्यामुळे तोच राजा होतो. म्हणजे काचेची खिडकी करायची की आरसा, हे ठरतं उजेड कुठल्या बाजूला जास्त आहे त्यावर. ड्रायव्हरला जी कटकट वाटते, तिच्यावर लंडनच्या रॉयल पॉलिटेक्निक या संस्थेनं वर्षानुवर्षं तिकिटं विकली. १८६२ च्या नाताळाच्या आदल्या संध्याकाळी जॉन हेन्री पेपर या तिथल्या प्राध्यापकानं डिकन्सच्या एका गोष्टीवरच्या खेळात रंगमंचावर भूत आणलं. प्रेक्षक आणि नट यांच्यामध्ये मोठी काच तिरकी उभी केलेली. खाली, प्रेक्षकांना न दिसणाऱ्या खड्ड्यात, दुसरा नट काळ्या पडद्यापुढे उभा. त्याच्यावर चुन्याच्या दिव्याचा भगभगीत झोत टाकला, की वरच्या काचेत तो धुरकट, आरपार दिसणारा असा उमटायचा. नट तलवार खुपसतो, ती भुतातून आरपार जाते, आणि बायाबापड्या किंचाळतात. मूळ कल्पना हेन्री डर्क्स नावाच्या इंजिनिअरची होती, नाव मात्र पेपरचं झालं. आजही सगळं जग त्याला ‘पेपरचं भूत’ म्हणतं. डर्क्सला त्याचं आयुष्यभर वाईट वाटत राहिलं असेल, तर नवल नाही.

आता आपली नागकन्या. तिचा जन्मही त्याच शहरात आणि जवळपास त्याच काळात झाला. १६ ऑक्टोबर १८६५ रोजी लंडनच्या इजिप्शियन हॉलमध्ये कर्नल स्टोडेर नावाच्या जादूगारानं तीन पायांच्या टेबलावर एक पेटी ठेवली आणि उघडली. आत इजिप्तच्या राजासारखं मस्तक, तेही प्रश्नांना उत्तरं देणारं. टेबलाखाली मोकळं दिसत होतं, पण ते तसं नव्हतं. पुढच्या पायापासून मागच्या दोन पायांपर्यंत दोन आरसे उभे होते. ते असे तिरके लावलेले, की प्रेक्षकाला टेबलाखाली मागची कनात दिसते असं वाटावं, आणि दिसावी मात्र बाजूची. बाजूची आणि मागची कनात एकाच कापडाची असली, की डोळ्याला फरक कळत नाही. आरशांच्या मागच्या त्रिकोणी खोपटात माणूस बसतो, आणि त्याचं डोकं टेबलाच्या भोकातून वर येतं. पुढच्या यात्रेत तंबूच्या तिन्ही कनाती नीट बघा. एकाच ठाणातल्या असतील, आणि बाजूनं कुणाला जाता येऊ नये म्हणून बांबू आडवा बांधलेला असेल. कुणी बाजूला गेलंच, तर त्याचं धोतर नाहीतर साडीचा पदर टेबलाखाली दिसायला लागेल. पॅरिसमध्ये असाच खेळ लागला, तेव्हा तिथल्या टारगट पोरांनी टेबलाखाली कागदाच्या गोळ्या मारायला सुरुवात केली. मोकळ्या जागेत फेकलेली गोळी टप्पकन उलटी यायला लागली आणि खेळाची रयाच गेली.

इथवर आरसा एका जागी आहे. तुमच्या नातीनं नेमकं त्याच्या पुढचं विचारलं.

एक आरसा घरातला आणि एक खिडकीतला, असे दोन घेऊन बघा. कपाटाच्या दाराला आरसा असेलच. समोर उभं राहून दार बोटभर उघडा. आरसा बोटभर हलला, पण आतली ट्यूबलाईट, देव्हारा, भिंतीवरचं कॅलेंडर हे सगळं सर्रकन धावलं. आरसा जितक्या अंशांनी वळतो त्याच्या दुप्पट अंशांनी परतलेला उजेड वळतो. लहानपणी आपण उन्हात आरसा धरून समोरच्या माडीवर कवडसा पाडायचो, तेव्हा हात किंचित कापला तरी कवडसा भिंतभर पळायचा. कारण हेच. २० मीटरवरच्या भिंतीवर आरसा नुसता एक अंश वळवला, तर कवडसा ७० सेंटिमीटर सरकतो. भोकरदनवरून अजिंठ्याकडे तुम्ही गाड्या नेल्या असतील. लेण्यांत विजेची सोय नव्हती, तेव्हा तिथली माणसं बाहेर उन्हात आरसा नाहीतर चकचकीत पत्रा धरून ऊन आत चित्रांवर टाकत. सूर्य तासाला १५ अंश सरकतो, म्हणून ऊन एकाच चित्रावर टिकवायचं तर आरसा तासाला साडेसात अंशांच्या हिशेबानं हळूहळू वळवत राहावा लागतो. कागदावर सोपं आहे. हातात धरून बघा म्हणजे त्यांचं कौतुक वाटेल.

म्हणजे भूतबंगल्यात लोकांच्या डोळ्यांसमोर आरसा फिरवणं म्हणजे स्वतःच चोरी उघडी करणं. आतलं सगळं घर दुप्पट वेगानं पळताना दिसेल.

आता दुसरा आरसा. रात्री घरात दिवा लावून स्लायडिंगच्या खिडकीसमोर उभे राहा. बाहेर अंधार हवा. काचेत तुमचा चेहरा दिसेल. आता काच सावकाश डावीकडून उजवीकडे सरकवा, पण लक्ष चेहऱ्यावर ठेवा.

चेहरा हलत नाही. तसूभरही नाही. काच सरकली, खिडकीचा कडेचा अॅल्युमिनियमचा पट्टा तुमच्या नाकावरून गेला, पण चेहरा जिथल्या तिथे. सपाट आरसा आपल्याच पातळीत कितीही सरकवला तरी आतलं चित्र जागचं हलत नाही. मला स्वतःला हे कळलं तेव्हा मी दहा मिनिटं खिडकी मागेपुढे करत होतो आणि घरच्यांनी काय चाललंय म्हणून विचारलं.

म्हणून सरकत्या आरशात हलताना दिसतं ते एकच : त्याची कड. कड लपवता आली, की आरसा प्रेक्षकांच्या नाकासमोरून नेला तरी कुणाला कळणार नाही. जादूगारांची पुढची सगळी खटपट या कडेपायी झाली.

पहिली तोड त्यांनी काढली ती अगदी संसारी माणसाची, म्हणजे दार लावून घ्यायचं. स्टोडेरच्याच वर्षी, १८६५ मध्ये, पेपर आणि त्याचा सोबती टोबिन यांनी ‘प्रोटियस’ नावाचं कपाट दाखवलं. (स्टोडेरच्या मस्तकामागची युक्तीही याच टोबिनची.) कपाट पायांवर उचललेलं, म्हणजे खाली भुयार नाही हे सगळ्यांना दिसावं. मधोमध एक खांब, त्यावर दिवा. माणूस आत जातो, दार लागतं. तो आतून बाजूच्या भिंतींना बिजागरीनं लावलेले दोन आरसे ओढून घेतो, इतके की त्यांच्या कडा मधल्या खांबाला येऊन टेकतात. दार उघडलं की प्रेक्षकांना मागच्या भिंतीच्या जागी बाजूच्या भिंती दिसतात, तोच कागद, तीच नक्षी, आणि कपाट रिकामं! माणूस आरशांच्या मागच्या कोपऱ्यात श्वास रोखून उभा. आरसे फिरले खरे, पण बंद दाराआड, आणि दोन कडा जिथे मिळाल्या तिथे खांब आडवा आला. दिवा उजेडासाठी होता असं लोकांना वाटायचं. खरं तर खांबाला तिथे उभं राहायला ते एक निमित्त होतं.

पण नातीनं पाहिलं ते दार उघडं ठेवून. त्या जागी पोचायला आणखी चौदा वर्षं गेली. १८७९ मध्ये पेपर आणि ऑर्गन बनवणाऱ्या घराण्यातला वॉकर यांनी एक खेळ काढला. त्याचं नाव ग्रीक होतं, अर्थ साधारण आपल्या परकायाप्रवेशाच्या जवळचा. खोलीत खुर्चीवर माणूस बसलेला, तो विरत जातो आणि त्या जागी भलतंच कुणी येतं. खोलीतून तिरकी, रुळावरून सरकणारी एक प्रचंड काच होती. त्या काचेत खरी करामत. एका टोकाला ती साधी, आरपार. दुसऱ्या टोकाला पूर्ण आरसा. मधल्या भागात पाठीमागचा चांदीचा थर बारीक बारीक उभ्या रेघांनी खरवडलेला. साध्या टोकाजवळ चांदीच्या रेघा विरळ, मग दाट, आणखी दाट, शेवटी सलग. ही काच सरकायला लागली, की कड कुठे सुरू झाली तेच सांगता येत नाही, कारण कड अशी उरतच नाही. खरी खुर्ची सावकाश झाकत जाते आणि बाजूच्या लपवलेल्या खोलीतली खुर्ची तिच्यावर सावकाश चढत जाते.

तुमच्या घरात आजीच्या वेळचा आरसा असेल तर त्याचा एखादा कोपरा पाहा. पारा उडालेला असतो तिथे अर्धा आपला गाल दिसतो आणि अर्धा मागचा पुठ्ठा. वॉकरनं मुद्दाम पारा उडवला, एवढंच. (पारा म्हणतो आपण, पण १८३५ साली लीबिगनं काचेवर चांदी चढवायची रीत काढली तेव्हापासून आरशातला पारा कमी कमी होत गेला. आज तर बऱ्याच ठिकाणी अॅल्युमिनियम. भाषेतला पारा काही उडत नाही.)

यात जीव काढणारं काम आरशाचं नसून सुताराचं. लपवलेली खोली समोरच्या खोलीसारखीच हवी, पण उलटी. आरशात डावं-उजवं बदलतं, म्हणून तिथली खिडकी, खुर्चीचा हात, भिंतीवरचं चित्र सगळं उलट्या बाजूला. घड्याळ टांगलं तर त्याचे आकडेसुद्धा उलटे रंगवायचे. आणि दोन्ही खुर्च्या काचेपासून बरोबर सारख्या अंतरावर. बोटाचा फरक पडला की विरणाऱ्या माणसाची खुर्ची उडी मारते, आणि पाठीमागच्या बाकावरचा एखादा पोरगा ‘आरसाय, आरसा!’ म्हणून ओरडतो.

आरसे जागच्या जागी ठेवून सगळी खोली बदलण्याची मजा बघायची, तर पॅरिस गाठावं लागेल. १९०० च्या तिथल्या प्रदर्शनात भ्रमांचा एक महाल बांधला होता. नंतर तो ग्रेव्हां या मेणाच्या पुतळ्यांच्या संग्रहालयात नेला, आणि ‘मृगजळांचा महाल’ या नावानं १९०६ पासून तो तिथे आहे. खोली षटकोनी, सहाही भिंती म्हणजे उंच आरसे. शेजारशेजारच्या दोन आरशांमधला कोन १२० अंशांचा, ३६० ला तो पूर्ण तिनांत भागतो, म्हणून प्रतिबिंबं एकमेकांना बरोबर येऊन मिळतात, कुठे सांधा चुकत नाही. एका खोलीची शेकडो दालनं, टोकाला धुकं. आता यांनी सहा भिंतींना हात लावला नाही, फिरवले ते फक्त सहा कोपरे. प्रत्येक कोपरा म्हणजे उभा पिंप, तीन भागांत वाटलेला, प्रत्येक भागात वेगळी सजावट. दिवे घालवले, पिंपं एका तृतीयांशानं फिरली, दिवे लावले. मघाशी हिंदू देवळाचे खांब जिथवर नजर जाईल तिथवर होते, तिथे आता जंगल. सहा कोपरे बदलले आणि सगळं जग बदललं, कारण त्या जगात खरं होतं ते तेवढंच. आपल्या देवळाचे नक्षीदार खांब पॅरिसच्या एका कोपऱ्यातल्या पिंपात बसवलेले आहेत, ही गोष्ट नातीला जरूर सांगा.

मग तिच्या पार्कात काय होतं? हे तिच्याकडूनच काढून घ्या. तिला एवढंच विचारा : माणूस एका बाजूनं पुसल्यासारखा गेला, की सगळा मिळून एकदम फिका होत गेला? एका बाजूनं पुसत गेला असेल, तर वॉकरची सरकती काच, किंवा तिची नातवंडं-पतवंडं. सगळा मिळून फिका झाला असेल, तर काच जागची हललेली नाही. माणसावरचा दिवा हळूहळू उतरवला आणि लपलेल्या सांगाड्यावरचा हळूहळू चढवला, म्हणजे तुमचीच एसटी, फक्त बटणाऐवजी पंख्याच्या रेग्युलेटरसारखी खुंटी. आज बरेच भूतबंगले हेच करतात, कारण दिवा हलवायला रूळ लागत नाही, ग्रीस लागत नाही. अमेरिकेतल्या जत्रांत याच युक्तीनं पिंजऱ्यातल्या मुलीचा गोरिला व्हायचा. तो झाला, की पिंजऱ्याचं दार धाडकन उघडून तो बाहेर उडी घ्यायचा आणि सगळी गर्दी ओरडत तंबूबाहेर पळायची. तंबू पुढच्या खेळासाठी आपोआप मोकळा!

डिस्नेनं कॅलिफोर्नियात ९ ऑगस्ट १९६९ रोजी उघडलेल्या भूतबंगल्यात तिसरी तऱ्हा केली. तिथे आरसाही हलत नाही आणि दिवाही नाही, हलतात ते प्रेक्षक. गाडीत बसून तुम्ही आरशांसमोरून जाता आणि आरशात तुमच्या शेजारी एक भूत बसलेलं दिसतं. आरसा अर्धा पारदर्शक, भूत त्याच्या पलीकडे, आणि ते तुमच्या गाडीच्या बरोबरीनं सरकत असतं. सपाट आरशातलं आपलं प्रतिबिंब आपल्याच वेगानं चालतं, म्हणून भुतालाही तेवढाच वेग दिला की ते मांडीला मांडी लावून बसल्यासारखं दिसतं. फुकट प्रवासी म्हणून तुम्ही त्याचं तिकीट फाडलं असतं.

आपल्याकडे या विद्येची परंपरा नव्हती असं नाही. कल्याणच्या महादेव गोपाळ पटवर्धनांनी आणि त्यांच्या मुलांनी १८९२ पासून ‘शांबरिक खरोलिका’ दाखवली, हातानं रंगवलेल्या काचांची चित्रं दिव्यानं पडद्यावर हलवून. शंबर हा मायावी असुर, नाव त्याचंच. आणि दादासाहेब फाळके चित्रपटाकडे वळण्याआधी जादूचे प्रयोग करत, स्वतःचं आडनाव उलटं वाचून ‘प्रोफेसर केळफा’ म्हणवत. आडनावच आरशात धरलं म्हणायचं.

राहता राहिला नातीचा दुसरा प्रश्न, आणि मला तो पहिल्यापेक्षा जास्त आवडला. नागकन्येच्या आरशामागची जागा त्रिकोणी आणि गुडघे मोडून बसण्यापुरती. वरून टेबलाची फळी गळ्याशी, चहूबाजूंनी कापड आणि काच, आणि नवरात्र म्हणजे आपल्याकडे ऑक्टोबरचा उकाडा. बाहेर भोंगा तेच तेच ओरडतो, रांग संपत नाही. पण तिच्यासमोर यात्रा असते. घाबरलेली पोरं, ‘खोटंय गं’ म्हणत पुढे वाकून बघणाऱ्या बाया, नातीला युक्ती समजावून सांगणारे आजोबा, सगळे तिला दिसतात, आणि तुम्ही काय सांगत होतात तेही तिनं ऐकलं असणार. कंटाळ्यापेक्षा तिची खरी अडचण वेगळी. तिचे दोन्ही हात फळीच्या खाली असतात, आणि यात्रेत जिलेबीच्या दुकानांमुळे माश्या भरपूर. माशी नाकावर बसली तरी हात वर काढता येत नाही. मग ती खालचा ओठ पुढे काढून वरच्या वर फुंकर मारते. पुढच्या वर्षी गेलात, तर नातीला टेबलाखाली नको, तिच्या ओठांकडे बघायला सांगा.